फेंकीचें शास्त्र आणि मुलीचा खांदा

घरांतील मूल एखाद्या विद्येच्या मागें लागलें म्हणजे वडील माणसांच्या दोन तऱ्हा दृष्टीस पडतात. कित्येक घरीं "त्यांतलें आम्हांस काय कळतें?" असें म्हणून सर्व भार शिक्षकावर टाकला जातो. कित्येक घरीं त्या विद्येचा गंध नसतां सकाळपासून रात्रीपर्यंत सूचनांचा भडिमार चालतो. गायन असो, संस्कृताचें पाठांतर असो कीं मैदानी खेळ असो, या दोन्ही तऱ्हा मुलास सारख्याच जाचक होतात. तिसरी तऱ्हा थोडी कष्टाची आहे. मूल जें करतें तें आपण स्वतः समजून घ्यावें, मग बोलावें थोडें आणि पाहावें फार. या महिन्यांत ही तिसरी तऱ्हा एका अशा खेळाला लावून पाहावयाची आहे, कीं ज्याचें नांवहि आपल्या आजीआजोबांपैकीं पुष्कळांनीं शाळेंत असतां ऐकलें नसेल. तो खेळ म्हणजे सॉफ्टबॉल.

विषय निघाला तो असा. आमच्या आळींतील एका भरल्या घरची तेरा वर्षांची मुलगी यंदा शाळेच्या संघांत पिचर झाली. फलंदाजासमोर चेंडू फेंकणारा खेळाडू तो पिचर. क्रिकेटमध्यें जी जागा गोलंदाजाची, ती येथें त्याची. मुलीचे आजोबा एके सायंकाळीं मला म्हणाले, "गुरुजी, पोरीच्या चेंडूंत जोर नाहीं. तिचे मोठे बाबा म्हणतात, दंड कच्चे आहेत, खुराक वाढवा. तिचे वडील म्हणतात, रोज दोनशें चेंडू टाकले कीं दंड आपोआप घडतील. तुमचें मत काय?" प्रश्न एका घरचा असला तरी तो अनेक घरांत विचारला जात असणार. शासनाच्या क्रीडाखात्यातर्फे होणाऱ्या शालेय स्पर्धांत हा खेळ आहे. चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील मुलामुलींचे संघ प्रथम जिल्ह्यांत खेळतात, तेथें जिंकले तर आपल्या भंडारा जिल्ह्याच्या संघास नागपूर विभागांत व पुढें राज्याच्या स्पर्धेस जावयास मिळतें. दहावी-बारावीच्या परीक्षेंत खेळाडूंस सवलतीचे गुण मिळतात हेंहि आईबाप जाणून असतात. म्हणून घाई होते, आणि घाईचा पहिला बोजा पडतो तो मुलीच्या खांद्यावर.

खेळाची थोडी ओळख करून देतों. १८८७ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं थंडीच्या दिवसांत बंद दालनांत बेसबॉल खेळतां यावा म्हणून जॉर्ज हॅन्कॉक नांवाच्या गृहस्थानें मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीनें आवळून त्याचाच चेंडू केला, अशी या खेळाच्या उगमाची हकीकत आहे. सॉफ्टबॉल हें नांव त्यास १९२६ सालीं मिळालें. भारतांत या खेळाची राष्ट्रीय संघटना १९६१ सालीं स्थापन झाली, आणि १९९६ सालीं अटलांटा येथें स्त्रियांचा सॉफ्टबॉल ऑलिंपिकमध्यें प्रथम आला. नांवांत मऊपणा असला तरी आजचा चेंडू मऊ नाहीं. त्याचा घेर १२ इंच आणि वजन सुमारें १९० ग्रॅम असतें. मोठ्या स्त्रियांच्या सामन्यांत पिचर ४३ फुटांवरून, म्हणजे सुमारें १३ मीटरवरून, तो फेंकते. फेंक मात्र खालून, कमरेजवळून हात नेऊनच केली पाहिजे असा नियम आहे. क्रिकेटमध्येंहि प्रारंभीं चेंडू खालूनच टाकीत. खांद्यावरून हात नेण्याची पूर्ण मोकळीक तेथें १८६४ सालीं मिळाली. सॉफ्टबॉलनें जुनी रीत राखली, पण तिला वेग आणला. पिचर आपला हात पुढून वर, डोक्यावरून मागें आणि मागून खालीं असा पुरा वेढा फिरवून कमरेपाशीं चेंडू सोडते. पवनचक्कीच्या पात्यासारखा हात फिरतो, म्हणून या फेंकीस विंडमिल असेंच नांव पडलें आहे.

या खालून फेंकण्याविषयीं एक समज सर्वत्र पसरला आहे, तो आधीं दूर केला पाहिजे. समज असा कीं, खालून फेंकणें हें स्वभावतःच सौम्य, त्यानें खांदा दुखावत नाहीं, म्हणून कितीहि चेंडू टाकले तरी चालतात. शास्त्रज्ञांनीं हा समज पारखून पाहिला आहे. अटलांटाच्या ऑलिंपिकमधील पिचर स्त्रियांचें चित्रीकरण करून त्यांच्या सांध्यांवरील जोराचें गणित मांडण्यांत आलें. चेंडू सुटण्याच्या सुमारास दंडाला खांद्याच्या खोबणींतून बाहेर ओढणारा जोर सरासरीनें शरीराच्या वजनाच्या ८० टक्क्यांइतका भरला. तेंच प्रमाण धरलें तर ४० किलो वजनाच्या मुलीच्या खांद्याला प्रत्येक फेंकीस सुमारें ३२ किलोचा हिसका बसेल. दंडाच्या पुढच्या बाजूचा जो स्नायू आपण बेंडकुळी म्हणून मुलांस दाखवितों, तो या फेंकींत डोक्यावरून फेंकण्यापेक्षांहि अधिक राबतो, असेंहि २००९ सालच्या एका अभ्यासांत आढळून आलें. वाढत्या वयांत हाडांच्या टोकांशीं कोवळ्या कूर्चेचा थर असतो. वाढ पुरी होईपर्यंत तो सांध्यांतील सर्वांत नाजूक भाग. तेव्हां मुलीच्या वडिलांचा दोनशें चेंडूंचा उपाय दंड घडविण्याआधीं खांदा बिघडविण्याचाच संभव अधिक.

मग जोर यावा कोठून? याचें उत्तर आजोबांस मीं एका शब्दांत दिलें: पायांतून. संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस हें नवें वाटूं नये. कालिदासानें रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गांत इंद्राशीं युद्धास सज्ज झालेला रघु वर्णिला आहे. तेथें त्याच्या आलीढ या ठाणाचा उल्लेख आवर्जून येतो. उजवा पाय पुढें आणि डावा मागें ताणलेला, असें उभें राहणें तें आलीढ; याच्या उलट तें प्रत्यालीढ. धनुर्धराचें कौशल्य त्याच्या बोटांत असावें असें आपणांस वाटतें, परंतु धनुर्वेदकारांनीं नांवें दिलीं तीं पावलांच्या ठेवणीस. उजव्या हातानें फेंकणाऱ्या पिचरचें ठाण प्रत्यालीढाच्या जातीचें असतें: डावा पाय पुढें पडतो, उजवा मागें राहतो.

आतां क्रम पाहूं. सर्व वर्णन उजव्या हाताच्या मुलीस धरून केलें आहे. डावरीनें तें उलटें घ्यावें. आरंभीं दोन्ही पाय जमिनींत बसविलेल्या पट्टीस लागलेले, दोन्ही हात चेंडूवर एकत्र. नंतर उजव्या पायानें पट्टीला जोरानें मागें रेटावयाचें आणि डावा पाय नेमाच्या दिशेनें लांब टाकावयाचा. ही टांग जवळजवळ आपल्या उंचीइतकी पडावी असा चांगल्या पिचरचा अनुभव आहे. लहान मुलीनें ताणून तेथवर जाण्याची गरज नाहीं, ती वयाबरोबर वाढते. टांग पडत असतां छाती आपल्या उजवीकडे वळते आणि शरीर नेमास कडेनें सामोरें जातें. डावें पाऊल जमिनीला टेकतें तेव्हां त्याचा अंगठा नेमाकडे सरळ रोखलेला नसावा. काटकोनाच्या निम्म्यानें उजवीकडे वळलेला असावा. आणि तें पाऊल टेकलें कीं तो पाय खांबासारखा घट्ट राहिला पाहिजे. वाचकांनीं धांवती बैलगाडी एकाएकीं थांबतांना पाहिली असेल. गाडी थांबते, पण आंत उभा असलेला मनुष्य पुढें भिरकावला जातो. येथेंहि तोच न्याय. पायांनीं शरीराला दिलेला वेग डाव्या पायाशीं अडतो, तो कमरेंत चढतो, कमरेंतून पाठींत, पाठींतून खांद्यांत, आणि शेवटीं मनगटांतून चेंडूंत उतरतो. पुढचा गुडघा लुला पडला तर हा वेग वाटेंतच जिरतो. मग मुलगी तो भरून काढण्यासाठीं खांद्यानें जोर करूं लागते, आणि पाहणारे म्हणतात कीं दंड कच्चे आहेत.

पायांनंतर हाताचा वेढा. शेतांत मचाणावर उभें राहून पाखरें हाकलणारा राखणदार गोफण कशी फिरवितो तें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस हें समजावें लागणार नाहीं. गोफण एकाच पातळींत फिरते. ती तिरपी झाली कीं गोटा भलतीकडे जातो. दोरीचें टोंक सुटलें म्हणजे गोटा त्या क्षणीं ज्या दिशेनें जात होता, त्याच दिशेनें सरळ सुटतो. पिचरचा हातहि असाच. वेढा घेतांना तो कानाजवळून वर जावा व कमरेजवळून खालीं यावा. शरीरापासून दूर फांकूं नये, पाठीमागें गुंडाळलाहि जाऊं नये. कोंपर काठीसारखें ताठ नसावें आणि दुमडलेलेंहि नसावें, सैल असावें. मूठ घट्ट आवळली कीं कोंपर ताठतें, म्हणून चेंडू तळहातांत न दाबतां बोटांच्या पेरांवर, शिवणीला आडवीं बोटें घालून, धरावयास शिकवावें.

चेंडू सुटण्याचा क्षण हा या विद्येचा गाभा आहे, तेथें थोडें गणित करूं. टांग टाकल्यावर पिचरचा हात लक्ष्यापासून सुमारें ३८ फुटांवर येतो. तेथून दिशा एका अंशानें चुकली तर चेंडू लक्ष्यापाशीं सुमारें ८ इंच बाजूला जातो. ज्या होम प्लेटवरून चेंडू जावयाचा तिची रुंदी १७ इंच. म्हणजे मध्यावर नेमलेला चेंडू एका अंशाच्या चुकीनें कांठाशीं जातो आणि दोन अंशांच्या चुकीनें बाहेर पडतो. आतां हात सेकंदास तीन वेढे या गतीनें फिरतो असें धरा. एक अंश फिरावयास त्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि कमी वेळ लागेल. इतक्या सूक्ष्म काळांत "आतां सोड" असा विचार करून कोणाचीहि बोटें उघडणार नाहींत. म्हणून बाहेर उभें राहून "लवकर सोडलास", "उशीरा सोडलास" असें ओरडण्यानें मुलीचा गोंधळ मात्र वाढतो. जें तिच्या बुद्धीच्या हातीं नाहीं तें आपण तिच्या बुद्धीकडे मागत असतों.

निसर्गानें याची सोय दुसऱ्या रीतीनें केली आहे. हात वेगानें खालीं येतो तेव्हां कोंपराखालचा भाग कमरेच्या कडेला हलकेच चाटून जातो. या स्पर्शानें वरचा हात क्षणभर अडतो आणि पुढचा हात व मनगट चाबकाच्या शेपटासारखें झटकन् पुढें जातें. चेंडू त्याच वेळीं सुटतो. प्रत्येक फेंकीस हा स्पर्श एकाच ठिकाणीं झाला कीं चेंडूहि एकाच ठिकाणाहून सुटतो, मग तो केव्हां सोडावा याची चिंता करावी लागत नाहीं. शरीराला खूण मिळाली म्हणजे नेम आपोआप येऊं लागतो.

येथें शिकविणाऱ्यांमधील एका वादाचा उल्लेख केला पाहिजे. पुष्कळ ठिकाणीं मुलींस असें शिकवितात कीं, हात डोक्यावर गेला म्हणजे तळवा मागें वळवावा, तेथून चेंडू खालीं रेटीत आणावा, आणि सुटल्यावर कोंपर नेमाकडे उंच उचलून थांबावें. ऐकावयास हें सोपें वाटतें. परंतु नामांकित पिचरांचीं मंद गतीचीं चित्रें पाहिलीं तर त्यांचा हात निराळें कांहीं करतांना दिसतो. खालीं येतांना त्यांचा तळवा मागें नसून वर किंवा बाहेरच्या बाजूस असतो. कमरेच्या स्पर्शापाशीं पुढचा हात आंतल्या बाजूस वळतो, आणि चेंडू गेल्यावर हात सैलपणें शरीरासमोरून निघून जातो. कोंपर उचललेलें दिसलें तरी तो उरलेल्या वेगाचा परिणाम असतो. परिणामालाच कारण समजून त्याचा पाठ दिला म्हणजे मुलीचा हात नेमक्या क्षणीं अडखळतो. हें वळणें मुलीस कळावें म्हणून तिला स्वयंपाकघरांत न्यावें. सराट्यानें तव्यावरची पोळी उलटतांना तळवा वर असतो तो मनगटापासून कोंपरापर्यंतचा हात वळून खालीं होतो. हेंच तें वळण. ज्या घरांत रोज पोळ्या होतात, त्या घरीं याचें प्रात्यक्षिक आईजवळ, काकूजवळ तयारच आहे.

शिकविण्याचा क्रम मात्र फेंकीच्या क्रमाच्या उलट ठेवावा. लांबलचक समास सोडवितांना आम्ही विद्यार्थ्यांस शेवटचें पद आधीं पाहावयास सांगत असूं. येथेंहि शेवटापासून आरंभाकडे जावें. पहिला पाठ असा: भिंतीवर जुनी गोधडी टांगावी, मुलीला सहासात फुटांवर कडेनें उभें करावें, आणि मोज्यांचा गोळा करून तो केवळ कमरेचा स्पर्श व हाताचें वळण यांनीं गोधडीवर मारावयास सांगावें. यांत वेढा नाहीं, टांग नाहीं. हें सहज जमूं लागलें कीं दुसरा पाठ: हात मागें खांद्याच्या उंचीवर नेऊन तेथून खालीं आणावयाचा. तिसरा पाठ: पाय आधींच फांकवून उभें राहून पुरा वेढा. चौथा पाठ: टांगेसह सर्व फेंक, पण वीस फुटांवरून. अंतर मग आठवड्या-आठवड्यानें वाढवावें. अमेरिकेंत दहा वर्षांच्या मुली ३५ फुटांवरून आणि बारा वर्षांच्या ४० फुटांवरून खेळतात, आणि दहा वर्षांपर्यंतच्या मुलींस चेंडूहि ११ इंच घेराचा लहान देतात. आपणहि लहान मुलीच्या हातीं एकदम मोठा चेंडू व मोठें अंतर देऊं नये.

यासाठीं खर्चाचें सामान लागत नाहीं. अंगणांत रांगोळीनें एक सरळ रेघ ओढावी, ती मुलीच्या उजव्या टाचेपासून नेमाच्या मध्यापर्यंत जावी. सडा टाकलेल्या ओलसर भुईवर पावलाचा ठसा उमटतो. टांग रेघेवर पडली कीं नाहीं आणि अंगठा किती वळला तें त्या ठशावरून मुलीस स्वतःच वाचतां येतें. पाऊल रेघेच्या उजवीकडे पडलें तर कंबर अडते व हाताला शरीरास वळसा घालून यावें लागतें. फार डावीकडे पडलें तर तोल जातो. समोर दोन खांबांस दोन सुतळ्या आडव्या बांधाव्यात, एक मुलीच्या बगलेच्या उंचीवर व एक गुडघ्याच्या. त्यांच्यामधून गेलेला चेंडू चांगला. वारंवार चेंडू वर जात असेल तर हात स्पर्शानंतर फार पुढें जाऊन सुटतो आहे किंवा मुलगी मागें रेलते आहे असें समजावें. वारंवार खालीं जात असेल तर बहुधा ती कमरेंतून पुढें वांकते आहे किंवा घाईनें सोडते आहे. मात्र एका दिवशीं एकाच दोषाकडे लक्ष द्यावें. पायाचा दोष आणि हाताचा दोष दोन्ही दिसत असतील तर पाय आधीं. पाय सुधारला म्हणजे हाताचे अर्धे दोष न बोलतां जातात.

आजकाल घरोघरीं जो मोबाइल आहे त्याचा येथें फार चांगला उपयोग होतो. फेंक डोळ्यांनीं धरतां येत नाहीं इतकी जलद होते. मोबाइलमधील मंद चित्रीकरणांत ती धरतां येते. एकदां उजव्या बाजूनें व एकदां पाठीमागून, अशीं पांचसहा फेंकींचीं चित्रें आठवड्यांतून एकदां घ्यावींत. तीं मुलीस दाखवावींत आणि प्रथम तिलाच विचारावें, "तुला काय दिसतें?" जो दोष मुलगी स्वतः ओळखते तो लवकर जातो. तीं चित्रें नातलगांच्या मंडळांत पाठवून सर्वांचे अभिप्राय मागविणें मात्र टाळावें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट, चेंडूंची मोजदाद. अमेरिकेंतील क्रीडावैद्यांनीं विंडमिल फेंकणाऱ्या मुलींसाठीं मर्यादा सुचविल्या आहेत. दहा ते बारा वर्षांच्या मुलीनें एका सामन्यांत ६५, तेरा-चौदा वर्षांच्या मुलीनें ८०, आणि त्यापुढील वयाच्या मुलीनें १०० चेंडूंहून अधिक टाकूं नयेत. लहान मुलींनीं ओळीनें दोन दिवस टाकल्यावर तिसऱ्या दिवशीं हातास पूर्ण विसांवा द्यावा. आपल्या शालेय स्पर्धांत अडचण नेमकी येथें येते. एकदोन दिवसांत सामन्यामागून सामना होतो, संघांत चांगली पिचर एकच असते, आणि "आजचा दिवस टाक, उद्यां विश्रांति घे" असें म्हणत सर्व भार तिच्यावर पडतो. याचा उपाय संघानें दोनतीन पिचर तयार करणें हाच आहे, आणि तसा आग्रह पालकांनीं शाळेपाशीं नम्रपणें पण निश्चयानें धरावा. सराव-खेळींतले चेंडूहि याच हिशेबांत धरावेत, कारण खांद्याला सामना आणि सराव यांतला भेद कळत नाहीं.

कोणी म्हणेल, जपानच्या युकिको उएनोचें उदाहरण मुलींसमोर ठेवूं नये काय? अवश्य ठेवावें, पण संपूर्ण ठेवावें. २००८ सालच्या बीजिंग ऑलिंपिकमध्यें तिनें दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले आणि अंतिम सामन्यांत अमेरिकेवर ३-१ असा विजय मिळविला. त्या वेळीं ती सव्वीस वर्षांची, पूर्ण वाढ झालेली, वर्षानुवर्षें तालीम घेतलेली खेळाडू होती. याहूनहि मला तिची दुसरी गोष्ट मोठी वाटते. तेरा वर्षांनंतर, २०२१ सालीं टोकियो येथें झालेल्या ऑलिंपिकमध्यें, एकोणचाळिसाव्या वर्षीं ती पुन्हां अंतिम सामन्यांत उभी राहिली आणि जपाननें पुन्हां सुवर्णपदक मिळविलें. पहिली गोष्ट शौर्याची आहे. दुसरी खांदा राखण्याची आहे. तेरा वर्षांच्या मुलीस दुसरीच गोष्ट आधीं सांगावी.

मोजण्याचें काम घरांतील आजीकडे द्यावें असें माझें सुचविणें आहे. जपमाळेच्या मण्यांवर बोट सरकविण्याची संवय असलेल्या हाताची मोजणी चुकत नाहीं. माळेंत मणी १०८. तेरा वर्षांच्या मुलीनें माळ पुरी होण्याच्या पुष्कळ आधीं थांबावें. ऐंशींवर आजीनें "पुरे" म्हटलें कीं पुरे, मग वडिलांनीं किंवा काकांनीं "आणखी दहाच" अशी रदबदली करूं नये. रोज ऐंशीं टाकलेच पाहिजेत असाहि याचा अर्थ नाहीं. सरावाच्या दिवशीं चाळीस-पन्नास चेंडू लक्षपूर्वक टाकले तर ते पुष्कळ झाले, आणि आठवड्यांतून दोन दिवस चेंडूला हात लावूं नये. आपल्याकडील उन्हाळ्याचा विचार करतां सराव सकाळीं किंवा दिवस मावळतांना ठेवावा. थंडींत आधीं थोडें धांवून व हात सैल फिरवून अंग तापवावें, थंड खांद्यानें एकहि जोराची फेंक करूं नये.

दुखण्याच्या बाबतींत नियम एकच. स्नायू जड होणें निराळें आणि सांधा दुखणें निराळें. खांद्याच्या पुढच्या बाजूस, कोंपराशीं किंवा पुढच्या हाताच्या हाडांत एका ठिकाणीं बोट ठेवून मुलगी "येथें दुखतें" असें म्हणाली, तर त्या दिवशींची फेंक तेथेंच संपली. दोनतीन दिवसांच्या विसांव्यानें तें गेलें नाहीं तर तेल चोळीत न बसतां अस्थिवैद्यास दाखवावें. मलम लावून सामन्यास उभें करणें ही शाबासकीची गोष्ट नव्हे. आणि मुलीनें दुखणें सांगितलें म्हणून तिला भित्री म्हणूं नये. तसें एकदां म्हटलें कीं पुढच्या वेळीं ती सांगत नाहीं.

मोठ्या बाबांच्या खुराकाविषयीं एवढेंच, कीं दूध, डाळ, भाजी, भाकरी हें भरल्या घरीं मिळतेंच. त्याहून निराळ्या पौष्टिकाची जरूरी नाहीं. बळ वाढवावयाचें तें मांड्यांचें, पोटाचें व पाठीचें. बैठका, सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या हे व्यायाम त्यासाठीं पुरेसे आहेत. खांद्याच्या पाठीमागील स्नायूंसाठीं हलका मुद्गल फिरविणें हा आपला जुना व्यायाम उत्तम, मात्र वजन हलकें आणि गति संथ हवी. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९१४ सालापासून हे देशी व्यायाम आपल्या विदर्भांत जिवंत ठेवले आहेत. ज्या खेळाचा जन्म शिकागोस झाला, त्याला अमरावतीच्या आखाड्याची विद्या उपयोगी पडावी यांत नवल कांहींच नाहीं. मनुष्याचें शरीर सर्वत्र एकच.

एकत्र कुटुंबाची थट्टा पुष्कळ होते, परंतु या कामीं त्याची बरोबरी दुसरें कोणी करूं शकणार नाहीं. वडिलांनीं हातमोजा घालून चेंडू झेलावा, काकांनीं चित्रें घ्यावींत, काकूनें पोळी उलटतांना हाताचें वळण दाखवावें, धाकट्या भावानें चेंडू गोळा करावेत, आजीनें मोजावें आणि आजोबांनीं बाजेवर बसून शक्य तितकें गप्प राहावें. शाळेंतील क्रीडाशिक्षक जें सांगतील त्याच्या विरुद्ध घरीं बोलूं नये. शंका आली तर ती मुलीच्या मागें त्यांस भेटून विचारावी. जिल्ह्याच्या स्पर्धेंत मुलगी जिंकेल किंवा हरेल, तें त्या दिवशींच्या खेळावर आहे. तिचा उजवा हात मात्र पुढें सबंध आयुष्यभर लिहिणार आहे, पाणी भरणार आहे, लेंकरूं उचलणार आहे, आणि तिची इच्छा असेल तर आणखी वीस वर्षें चेंडूहि फेंकणार आहे. तेवढा हिशेब मनांत ठेवून आज आजीनें "पुरे" म्हटलें कीं चेंडू खालीं ठेवावा.